डावा कार्बोरेटर

अमीरुन्निसाचा कान ओमानमध्ये सहमपासून सोहारपर्यंत प्रसिद्ध होता. असं अमीरुन्निसा सांगायची. दुसऱ्या कुणी सांगितलेलं अजून तिच्याही कानावर आलेलं नव्हतं, पण सगळंच लोकांच्या तोंडून ऐकायचं ठरवलं तर माणसाला स्वतःविषयी चांगलं काही कळायचंच नाही, असं तिचं मत होतं.

सहमच्या मोठ्या रस्त्याला लागून गॅरेजांची रांग आहे. तिच्या टोकाला तिच्या मुलाचं, सिराजचं गॅरेज. आत शिरलं की उजव्या हाताला टायरचा ढीग, ढिगाशेजारी पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची आणि खुर्चीत अमीरुन्निसा. वय सत्तरीला टेकलेलं. शिक्षण दाभोळच्या शाळेत चौथीपर्यंत, त्यातली चौथीसुद्धा अर्धीच; उरलेली अर्धी मास्तरांना येत नव्हती म्हणून सोडली, असं ती सांगे. नवरा मिस्त्री होता. दुपारी ती त्याला डबा घेऊन यायची, त्याचं जेवण होईतो तिथंच बसायची आणि बसल्या बसल्या बोलायची, "तीन नंबरचा सिलिंडर झोपलाय." नवरा आधी हसायचा, मग प्लग काढून बघायचा, मग हसायचा थांबायचा. पुढं पुढं तो डब्यापेक्षा तिचीच जास्त वाट बघायला लागला. हात त्याचा, कान तिचा, असा तो धंदा वाढला.

नवरा गेला. मग गाड्यांमध्ये कॉम्प्युटर आले आणि कुठं दुखतंय ते गाडीच पडद्यावर लिहून द्यायला लागली. अमीरुन्निसाचा कान बेकार झाला. खुर्ची मात्र राहिली. खुर्चीत बसून ती पाना फिरवणाऱ्याला पाना कसा फिरवायचा ते सांगायची, चहावाल्याला चहा कसा करायचा ते सांगायची आणि ज्याला काही करायचं नसेल त्याला ते कसं करायचं नाही तेही सांगायची.

सिराजच्या मनात बरेच दिवस एक गोष्ट होती आणि ती तो दर उन्हाळ्यात बाहेर काढायचा. "अम्मा, इथं धूर, इथं गरमी. घरी एसीत बस ना आरामात."

घरी बसणं म्हणजे काय ते अमीरुन्निसाला चांगलं ठाऊक होतं. सकाळी गोळी, दुपारी गोळी आणि मधल्या वेळात सुनेच्या, तस्नीमच्या, मालिका. त्या मालिकांमधल्या बायका दागिने घालून झोपायच्या. अशा बायकांच्या संगतीत मरायची तिची तयारी नव्हती. तिला मरायचं होतं टायरच्या ढिगाशेजारी, कुणाचं तरी चुकत असताना.

हल्ली जगाविषयी तिच्या काही तक्रारी होत्या. तस्नीम घशातल्या घशात बोलायला लागली होती. टीव्हीवाल्यांनी आवाज कमी केला होता. सिराज डाव्या बाजूनं चोरासारखा येऊन उभा राहायचा आणि वर म्हणायचा की तो केव्हापासून हाका मारतोय. दुनिया नरम पडत चालली होती. तिनं सगळ्यांना एकेकदा समज दिली होती.

अशात मस्कतहून गुरुदत्त आला. पुण्याचा माणूस, मोठ्या कंपनीत साहेब, राहायला अल मवालेहला. त्यानं विलायतेहून खोकी मागवली होती आणि खोक्यांत गाडी होती. म्हणजे गाडीचे तुकडे होते: लोखंडी नळ्यांचा सांगाडा, फायबरची बॉडी, स्टिअरिंग, दिवे आणि कसं जोडायचं त्याचं जाडजूड पुस्तक. घराच्या अंगणात बसून तो दर शुक्रवारी त्यातलं थोडं थोडं जोडत होता.

"आणि इंजिन?" सिराजनं विचारलं.

"इंजिन येत नाही त्यात. ते ज्याचं त्यानं आणायचं."

"म्हणजे नवरी आली आणि जीव माहेरी विसरली," अमीरुन्निसा खुर्चीतून बोलली.

गुरुदत्तनं वळून बघितलं आणि तो मनापासून हसला. तिथंच त्यानं तिला जिंकलं. तिच्या बोलण्यावर हसणारी माणसं हल्ली कमी झाली होती. उरलेली बरीचशी गॅरेजात कामाला असल्यामुळे हसत.

इंजिन त्यानं शोधलं होतं. सहमच्याच एका बागवाल्याकडे, खजुराच्या झाडाखाली, कुठल्यातरी मेलेल्या गाडीतून काढलेलं. जुनं विलायती, चार सिलिंडरचं, दोन कार्बोरेटरवालं. कैक वर्षं शेळ्या त्यावर चढून खाली लोंबणाऱ्या झावळ्या खात होत्या. "मला हेच हवंय," गुरुदत्त म्हणाला. "कॉम्प्युटर नको. पान्यानं समजूत घालता येईल असं इंजिन हवं. करणारं कुणी आहे का?"

सिराजनं तोंड उघडलं, नाही म्हणायला. कार्बोरेटर म्हणजे डोक्याला ताप, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलंच होतं. पण त्याचं तोंड पूर्ण उघडायच्या आत खुर्चीतून हो आलं होतं.

*

इंजिन आलं तेव्हा त्याच्यात अर्धी बाग होती. पाला, वाळू, शेळ्यांच्या लेंड्या आणि एका बाजूला कुंभारीण माशीचं मातीचं घर. पिस्टन सिलिंडरमध्ये गच्च अडकलेले. सिराजची मुलगी उमामा कामाला लागली. उमामानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता आणि बापाच्या गॅरेजात कुठल्याही माणसाइतकं काम करायची. फक्त मराठी बोलताना ती दर दोन शब्दांनी थांबायची, जणू तिसरा शब्द शेल्फवरून काढून आणायचा आहे.

"दादी, हे पिस्टन... स्टक आहेत. हॅमर मारू?"

"हातोडा मारलास तर तुना मारीन. तेल ओत. मुरू दे. लोणचं घालतेस तसं समज."

"मी लोणचं नाही घातलं कधी."

"तेच तर," अमीरुन्निसा म्हणाली, आणि यात सून तस्नीमला जे ऐकवायचं होतं ते ऐकवून झालं. तस्नीम तिथं नव्हती, पण ऐकवायचं काम त्यानं अडत नसे.

तेल मुरलं, पिस्टन सुटले. सिलिंडर घासून घ्यायला ब्लॉक बोअरला गेला, नवे पिस्टन आले, रिंगा आल्या. उमामानं हेडचे व्हॉल्व्ह हातानं घासून बसवले. तिनं ते इतके नीट बसवले की त्यात पेट्रोल ओतलं तरी थेंब खाली उतरला नाही. अमीरुन्निसानं बराच वेळ वाकून बघितलं, थेंब सापडतो का ते. मग म्हणाली, "ठीक आहे." ठीक आहे याच्या वरचा शब्द तिच्याकडे नव्हता. नवरा गेला तेव्हा त्यालाही तिनं एवढंच म्हटलं होतं, की माणूस ठीक होता.

कार्बोरेटर मात्र तिनं कुणाला हात लावू दिले नाहीत. खुर्चीत बसून, मांडीवर जुनी चादर पसरून तिनं दोन्ही खोलले. पेट्रोल ज्या बारीक भोकातून येतं त्या जेटमध्ये कचरा बसला होता. उमामा तार घेऊन आली.

"तार नाय. तारेनं भोक मोठं होतं. खराट्याचा हीर आण."

"हीर म्हणजे?"

अमीरुन्निसानं आभाळाकडे बघितलं. वर पत्रा होता, तरी बघितलं. गावाहून येताना दर खेपेला ती माडाच्या हिरांचा खराटा आणायची आणि विमानतळावरचे लोक दर खेपेला विचारायचे की हे काय. त्यातला एक हीर तिनं दातांनी चिरून बारीक केला आणि जेटमधून अल्लाद फिरवला. भोकातून उजेड आला. उमामानं मोबाइल काढून फोटो घेतला, त्यावर अमीरुन्निसा म्हणाली की कशाला, आणि पदर सारखा केला. पदर नव्हता, अबाया होता, पण हात सवयीनं गेला.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. बिघडलं ते एका पार्सलमुळे.

पार्सलमधून उमामानं एक काचेची नळी काढली. खाली रबरी तोंड, आत लाल गोळी आणि बाजूला आकडे.

"हे कार्बोरेटरच्या तोंडाला लावायचं, दादी. तो जितकी हवा ओढतो तितकी गोळी वर जाते. दोन्हीकडे सेम नंबर आला की झालं. बॅलन्स."

हे दोन कार्बोरेटरांचं काम काय असतं ते सांगायला हवं. दोघं मिळून एका इंजिनाला पाजतात, दोन सिलिंडर याचे आणि दोन त्याचे. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. एकानं जास्त ओढली तर इंजिन लंगडतं, थरथरतं आणि पेट्रोल वाया घालवतं. अमीरुन्निसाच्या नवऱ्याच्या काळात याला काचेची नळी लागत नसे. रबरी पाइपाचा तुकडा घ्यायचा, एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, एक कानाशी. हवेचा सूं असा आवाज येतो. तो ऐकायचा, मग दुसऱ्याचा ऐकायचा, आणि दोन्ही सारखे होईतो स्क्रू फिरवायचा. हे तिचं काम होतं. नव्हे, हीच ती होती.

"हे लाल गोळीवालं मना शिकवणार?" ती म्हणाली.

"शिकवणार नाही, फक्त चेक करायला."

"चेक कुणाला करायचं?"

उमामानं हुशारी केली आणि उत्तर दिलं नाही. पण सिराज तिथं होता, आणि सिराजला हुशारी बापाकडून आली नव्हती आणि आईकडून त्यानं घेतली नव्हती. तो म्हणाला, "अम्मा, वय झालं की होतं थोडं इकडं तिकडं. लावून बघायला काय जातंय."

अमीरुन्निसा उठून उभी राहिली. गुडघ्यामुळे तिला उभं राहायला वेळ लागायचा, त्यामुळे सगळ्यांना पुढं काय होणार याचा अंदाज येऊन तयारी करता आली. चहावाला होता, शेजारचा डेंटिंगवाला गुलजार होता. आणि नेमका गुरुदत्त फोनवर होता, सिराजच्या हातातल्या मोबाइलच्या स्पीकरवर.

"सगळ्यांनी ऐका," ती म्हणाली. "हे इंजिन मी कानानं लावणार. माझ्या लावण्यात केसभर जरी चूक निघाली, तर या गॅरेजात परत पाय ठेवणार नाय. अल्लाची कसम."

"अम्मा, कसम कशाला खातेस."

"तुझ्या बापाला विचार."

बाप कबरीत होता, त्यामुळे तो विषय तिथंच संपला. मोबाइलमधून गुरुदत्तचा आवाज आला, "मावशी, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे." त्याचा आवाज जरा बारीक वाटला. मस्कतची लाइन खराब, असं तिनं ठरवलं.

*

गुरुवारी इंजिन सुरू करायचं ठरलं. सिराजनं अँगल जोडून चाकांचं स्टँड केलं होतं, त्यावर इंजिन बसवलं. बाजूला फळी, फळीवर पेट्रोलचा डबा आणि अमीरुन्निसाच्या काळ्या चहाचा पेला. दोन्ही कार्बोरेटर इंजिनाच्या एकाच अंगाला, शेजारी शेजारी. तिनं खुर्ची बरोबर त्यांच्यासमोर लावून घेतली.

पूर्वी ती उभ्यानं काम करायची. एकाकडून दुसऱ्याकडे दोन पावलं, परत दोन पावलं, आणि पाइप नेहमी उजव्या कानाला. आता गुडघा होता. दर वेळी उठायचं, वाकायचं, आणि ते सगळं सिराजनं बघायचं, हे तिला नको होतं. म्हणून तिनं डोकं चालवलं. रबरी पाइप मधोमध कापला. डाव्या कार्बोरेटरचा तुकडा डाव्या कानात, उजव्याचा उजव्या कानात, वरून ओढणी घट्ट बांधलेली. हलायची गरजच नाही.

"दादी डॉक्टर," उमामा म्हणाली.

"डॉक्टरला तरी काय येतं," अमीरुन्निसा म्हणाली, पण मनातून ती खूश झाली. नवऱ्याला हे कधी सुचलं नव्हतं.

उमामानं बटण दाबलं. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि लागलं. गुलजारनं टाळी वाजवली. इतक्या वर्षांनी एखाद्या इंजिनानं अमीरुन्निसाच्या हाताखाली श्वास घेतला होता. तिनं डोळे मिटले.

उजवा कार्बोरेटर चांगला बोलत होता. डावा मेंगळट होता. तिनं डाव्याचा स्क्रू थोडा दाबला, हवेची वाट मोठी करायला. अजून मेंगळट. अजून दाबला. शेळ्या याच बाजूनं चढत असणार, तिच्या मनात आलं. डाव्यानं हळूहळू तोंड उघडलं. दाबत दाबत गेली आणि शेवटी दोन्ही कानांत एकसारखा सूं आला, मधोमध, डोक्याच्या बरोब्बर मध्यावर. तिनं अबायाच्या खिशातली सुरम्याची सळई काढली आणि दोन्ही स्क्रूंच्या डोक्यावर काळी रेघ ओढली. स्क्रू पुढं कुणी हलवलाच तर कळावं म्हणून. ही तिची पद्धत होती, आणि तिच्या मते मोहोर होती.

डोळे उघडले तेव्हा चहाचा पेला फळीवरून चालत निघाला होता. तो कडेपर्यंत गेला, तिथं क्षणभर थांबला आणि पडला.

इंजिन गुरगुरत होतं आणि हलत होतं. हातगाडीवर पाण्याची टाकी ठेवावी तसं स्टँड डुलत होतं. सगळ्यांनी अमीरुन्निसाकडे बघितलं.

"स्टँड वाकडं आहे," ती म्हणाली.

"स्टँड?" सिराज म्हणाला.

"तुझं वेल्डिंग. तुझ्या बापानं असं वेल्डिंग कधी केलं नव्हतं."

"आणि आर.पी.एम. पण हाय आहे, दादी," उमामा हळूच म्हणाली.

"नवं इंजिन आहे. नवं माणूस घरात आलं की आठ दिवस असंच करतं. तुझी आई कशी करायची विचार." ती उठली. "खलास. उद्या साहेब येतील तेव्हा बघतील. बंद कर."

त्या दिवशी घरी जाताना ती सिराजच्या वेल्डिंगवर इतकं बोलली की सिराजलाही शेवटी वाटायला लागलं असावं की वेल्डिंग वाकडं आहे. तिला मात्र वाटत नव्हतं. बोलणं थांबलं की पेला चालताना दिसायचा, म्हणून ती बोलणं थांबवत नव्हती.

*

शुक्रवारी सकाळी ती सिराजच्या आधी गॅरेजात पोचली. चावी उमामाकडे होती आणि उमामा आधीच आत होती. शटर अर्धं वर. अमीरुन्निसाला बघून उमामा एकदम हात पुसायला लागली आणि हात स्वच्छ असूनही पुसत राहिली.

"चहा सांगून येते, दादी," ती म्हणाली आणि निघून गेली.

अमीरुन्निसा इंजिनासमोर बसली. चष्मा लावला. उजव्या स्क्रूवरची सुरम्याची रेघ जिथल्या तिथं उभी. डाव्या स्क्रूवरची आडवी झालेली.

पहिल्यांदा तिला इतका राग आला की कुणाला आधी बोलावं तेच सुचेना. पोरीनं काचेची नळी लावली, रात्री की सकाळी, चोरून, आणि दादीचं लावलेलं मोडलं. ती येऊ दे. तिच्या डिप्लोम्याचं लोणचं घालते.

तिनं स्वतः बटण दाबलं.

इंजिन लागलं आणि अमीरुन्निसाचा राग कुठं ठेवावा ते तिला कळेना. इंजिन शहाण्या लेकरासारखं बसलं होतं. फळी हलत नव्हती, पेट्रोलच्या डब्यातलं पेट्रोल हलत नव्हतं. हेडवर तिनं हात ठेवला. भरल्या पोटी झोपलेल्या मांजराच्या पाठीसारखं लागलं.

मग तिनं दोन रबरी नळ्या कानांत घातल्या. उजवा चांगला. डावा मेंगळट, काल होता तसाच. म्हणजे पोरीनं चुकवलं होतं. म्हणजे अमीरुन्निसा बरोबर होती. म्हणजे इंजिन हललं पाहिजे होतं. इंजिन हलत नव्हतं.

मग तिनं नळ्यांची अदलाबदल केली. डाव्या कार्बोरेटरची नळी उजव्या कानात आणि उजव्याची डाव्यात.

आता उजवा कार्बोरेटर मेंगळट झाला.

तिनं परत बदलल्या. परत डावा मेंगळट. हे तिनं बऱ्याचदा केलं. कार्बोरेटरांना कुणाला आजारी पडायचं ते ठरवता येत नव्हतं. जो तिच्या डाव्या बाजूला यायचा तो आजारी पडायचा. चौथी अर्धी सोडलेल्या बाईलाही यातून काय निघतं ते कळतं. कळू नये म्हणून तिनं अजून एकदा बदलल्या.

काल तिनं दोन कार्बोरेटर जोखले नव्हते. आपले दोन कान जोखले होते, आणि चांगल्या इंजिनाला तितकं लंगडं करून ठेवलं होतं जितकी ती स्वतः बहिरी होती. वर सुरमा लावला होता, मोहोर म्हणून. तस्नीम घशात बोलत नव्हती, टीव्हीवाले बेइमान नव्हते, सिराज चोर नव्हता. सगळ्यांना समज देऊन झाली होती. आता समज द्यायला एकच बाई उरली होती, आणि ती ऐकणारी नव्हती, निदान डाव्या कानानं तरी.

"दादी?"

उमामा चहाचे पेले घेऊन उभी होती. डाव्या बाजूला. किती वेळ, कोण जाणे. तिनं नळ्यांकडे बघितलं, मग स्क्रूकडे, मग पेल्यांकडे.

"मी कुणाला सांगणार नाही," उमामा म्हणाली. "पप्पांना पण नाही. आय मीन, तूच लावलंस. फक्त थोडं... थोडं मी हलवलं."

"काचेची नळी आधी कुणाला लावलीस? डाव्याला की उजव्याला?"

"डाव्याला. तो खूप जास्त ओढत होता."

"किती?"

"दुप्पट, दादी."

दुप्पट. केसभराची कसम होती.

*

गुरुदत्त आला आणि त्यानं येतानाच इंजिन ऐकलं. गाडीतून उतरून तो दारातच उभा राहिला, डोकं एका बाजूला झुकवून. देवळात आरती चालू असताना लोक उभे राहतात, तसा. सिराज त्याच्या मागोमाग आला, त्यानं फळीकडे बघितलं, स्टँडकडे बघितलं आणि वाकून आपलं वेल्डिंग तपासलं. वेल्डिंग कालचंच होतं.

"मावशी," गुरुदत्त म्हणाला. "काय बोलू मी? शिवणयंत्र आहे हो हे. आणि फक्त कानानं?"

अमीरुन्निसा गप्प बसली. अमीरुन्निसा गप्प बसली म्हणजे हो, असा आजवर कुणाचा अनुभव नव्हता. पण गुरुदत्त नवा होता. त्यानं तो हो समजला. कौतुक कानावर पडत होतं, उजव्या कानावर पडत होतं, आणि ते चांगलं लागत होतं. तिनं मान थोडी वळवून तो कान त्याच्याकडे नीट केला. एवढं कौतुक वाया कशाला घालवायचं.

"अम्मा, माफ कर," सिराज म्हणाला. "मी उगाच बोललो वयाचं."

हे तर पोटच्या पोरानं आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं होतं. उमामा इंजिनाच्या पलीकडे उभी राहून कापडानं पाना पुसत होती. अजून थोडा वेळ असंच गेलं असतं तर अमीरुन्निसाला स्वतःलाही खरं वाटलं असतं.

"आता ऐका," गुरुदत्त म्हणाला. "गाडीत बसवल्यावर परत एकदा लावावं लागेल ना? तिथं सांगाड्याची नळी कार्बोरेटरच्या तोंडासमोर येते. काचेचं मीटर बसायला जागाच नाही. मी काळजीत होतो. पण तुमच्या कानाला काय, बोटभर फट पुरते. मी तुम्हाला न्यायला येईन. माझे तीन मित्र आहेत, जुन्या गाड्यावाले. त्यांच्याही गाड्या तिथंच आणायला सांगतो. एकदा तुमचा कान लागू दे सगळ्यांना."

अमीरुन्निसाच्या डोळ्यांपुढं अल मवालेहचं अंगण आलं. पुण्या-मुंबईचे साहेब लोक, ओळीत उभ्या गाड्या, खुर्चीत ती, कानांत नळ्या. आणि एकेक गाडी थरथरत, लंगडत, तिचा सुरमा लावून घरी चाललेली.

माणसाला आपलं नाव वाचवायचं असतं हे तिला मान्य होतं. त्यासाठी तिनं आजवर सून, मुलगा, टीव्ही आणि टेलिफोन खात्याला कामाला लावलं होतं. पण इंजिन बिघडवून नाव वाचवायचं, हे तिच्या नवऱ्याच्या गॅरेजात कधी झालं नव्हतं.

"उमामा, बंद कर," ती म्हणाली. इंजिन थांबलं. "साहेब, हे मी लावलेलं नाय. मी लावलेलं काल पेला पाडत होतं. हे हिनं लावलंय, सकाळी, काचेच्या नळीनं. माझा डावा कान गेलाय."

शेजारचा गुलजार दारात येऊन उभा राहिला.

"कधी गेला ते विचारू नका. मना सांगून गेला नाय."

"दादी, तसं नाही," उमामा म्हणाली. "थोडंसंच होतं—"

"दुप्पट होतं. तूच बोललीस. आता माझी दया आली म्हणून आकडा कमी करू नको. आकडे कमी-जास्त करायला ते काय माझं वय आहे?"

सिराजनं तिच्याकडे बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिला बघायचं नव्हतं, म्हणून ती उठायला लागली. गुडघ्यानं नेहमीप्रमाणे वेळ घेतला. उठली, खुर्ची उचलली. खुर्ची हलकी होती, पण कुणी मदतीला आलं असतं तर तिनं घेतली नसती, म्हणून बरं झालं कुणी आलं नाही. शटरखालून वाकून ती बाहेर गेली, सावलीच्या पट्ट्यात खुर्ची टेकवली आणि रस्त्याकडे तोंड करून बसली.

"अम्मा, हे काय," सिराज मागून आला. उजव्या बाजूनं आला. पोरगं शिकत होतं.

"कसम खाल्लीय. आत पाय ठेवणार नाय."

"कोण मोजतंय अम्मा कसम?"

"तुझा गुलजार मोजतोय. बघ, दारात उभा आहे. दुपारपर्यंत सगळ्या रांगेला सांगेल. मी एकदा खोटी पडली, आता दोनदा नाय पडायची. कसमेचं तू नको बघू, मोडली कधी तर तिचा कफ्फारा, म्हणजे दंड, काय तो मी भरेन. जा तू."

"मग घरी सोडतो, चल."

"घरी कशाला? घरी बसायची कसम खाल्लीय का मी?"

सिराज आत गेला. आत काहीतरी कुजबुज झाली. तिला ती ऐकू आली नाही, आणि पहिल्यांदाच तिनं त्याबद्दल कुणाला दोष दिला नाही, निदान मोठ्यानं नाही. रस्त्यावरून माशांची गाडी गेली, मग चाऱ्याची. ऊन सरकत तिच्या पायाशी आलं. इतक्या तोऱ्यात बाहेर यायचं तर छत्री तरी घ्यायची, एवढंही सुचलं नव्हतं.

मग मागं शटर पूर्ण वर गेलं आणि लोखंडाचा खडखडाट झाला. हा तिला चांगला ऐकू आला. सिराज, गुरुदत्त आणि गुलजार तिघं मिळून स्टँड ढकलत होते, इंजिनासकट. उंबऱ्यावर चाकं अडली. गुरुदत्त इस्त्रीच्या शर्टानिशी खाली वाकून पट्टी घालत होता. उमामा पेट्रोलचा डबा धरून बरोबर चालत होती. इंजिन बाहेर आलं, सावलीच्या पट्ट्यात, तिच्या खुर्चीसमोर.

"हे काय?" अमीरुन्निसा म्हणाली.

"मीटर गाडीत बसणार नाही, दादी," उमामा म्हणाली. "पाइपानंच करावं लागेल. मला येत नाही. तू आत येणार नाहीस. मग काय करू?"

"यूट्यूबवर बघ."

"बघितलं. ते म्हणतात, सूं ऐका. सूं म्हणजे कसा ते नाही सांगत."

अमीरुन्निसानं चौघांकडे बघितलं. गुरुदत्तच्या शर्टाला ग्रीसचा पट्टा लागला होता आणि त्याला तो दिसला नव्हता. तिनं तोही सांगितला नाही. आज तिच्याच्यानं तेवढं झालं.

"दोन्ही स्क्रू बिघडव," ती म्हणाली. "मना दाखवू नको कसे. आणि पाइप एकच घे. कान एकच, कुठला तरी एक ठरव आणि तोच ठेव. दोन कानांवर विश्वास ठेवायचा नाय."

उमामानं स्क्रू फिरवले, इंजिन चालू केलं, पाइप कानाला लावला.

"काय ऐकू?"

इथं अमीरुन्निसा अडली. आजवर तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. नवरा विचारायचा ते फक्त, झालं का? आवाज तिच्या कानात होता तोवर त्याला शब्द लागले नव्हते, आणि आता शब्दच लावायचे होते.

"मच्छी तळतेस ना," ती म्हणाली. "नाय तळत. बरं. तुझी आई तळते. तव्यात टाकली की चर्र होतं, तो नाय. टाकायच्या आधी तेल तापतं, तेव्हा तेल काहीतरी बोलतं, बारीक. तो."

उमामानं डोळे मिटले. "हा," ती म्हणाली. "हा आहे. थोडा जाड."

"जाड म्हणजे जास्त ओढतोय. आता दुसऱ्याचा ऐक."

उमामा दोन पावलं सरकली, परत दोन पावलं आली. अमीरुन्निसाचा हात पाइपाकडे गेला, आपण एकदा बघावं म्हणून, आणि अर्ध्यावरून तिनं तो वळवून गुडघा चोळायला लावला. सिराजनं ते बघितलं आणि दुसरीकडे बघायला लागला.

"डावा जास्त आहे, दादी. नक्की डावा."

"माझा कान नाय ना, कार्बोरेटरच ना?"

उमामा हसली. "कार्बोरेटरच."

"मग कमी कर."

उमामानं स्क्रूड्रायव्हर लावला आणि फिरवला.

"उलटा फिरवतेस," अमीरुन्निसा म्हणाली.

उमामानं बघितलं. खरंच उलटा होता. "तुला कसं कळलं? तुला तर ऐकू—"

"कान गेलाय," अमीरुन्निसा म्हणाली. "डोळे काय तुझ्या आईकडे ठेवून आलीय? फिरव सरळ. आणि सिराज, तिथं उभा राहून काय बघतोस, खुर्ची जरा मागं घे माझी, ऊन आलंय. उंबऱ्याच्या अलीकडे ठेव. अलीकडे म्हटलं मी."